माणशी एक बाटली

अलकनंदाताईंचं कीर्तन दिल्लीत व्हावं म्हणून श्रीरंगराव उपासनींनी बारा बाटल्या रेड वाइन आणली. हे वाक्य ऐकायला बरं नाही, हे मान्य. पण कीर्तनाला जागा लागते, जागा म्हणजे सोसायटीचा हॉल, हॉलला बुकिंग लागतं आणि द्वारकेत बुकिंगला चड्ढासाहेब लागतात. ही द्वारका दिल्लीची, भगवंतांची नव्हे. हिला समुद्र नाही, टँकर येतो.

श्रीरंगराव केंद्र सरकारच्या एका खात्यात हिशेब तपासतात. दारूचं नाव सोडा, आलेपाकाची वडी जरा तिखट लागली तरी “डोकं गरगरतंय” म्हणून पंख्याखाली बसणारा हा माणूस. व्यसन म्हणाल तर एकच, कीर्तन. तेही लहानपणी नाशिकला लागलेलं. देवळाच्या सभामंडपात अलकनंदाताई कीर्तनाला उभ्या होत्या आणि छोटा श्रीरंग खांबाला टेकून घोरत होता. ताईंनी गाता गाता झांजा थांबवल्या आणि म्हणाल्या, “त्या खांबाच्या बाळाला कुणीतरी उठवा हो. उत्तररंग मी त्याच्याचसाठी ठेवलाय.” सगळा मंडप हसला. बाळ उठलं ते आजतागायत कीर्तनाला बसलेलं आहे.

त्या ताई आता पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. गुरुग्रामला भाच्याकडे बारशाला येणार होत्या. फोनवर म्हणाल्या, “शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे, रविवारी परत निघायचंय. पुन्हा दिल्लीला येणं व्हायचं नाही रे. गुडघे आता माझ्या परवानगीशिवाय निर्णय घेतात.” म्हणजे शनिवार, नाहीतर कधीच नाही.

श्रीरंगराव त्याच पावली चड्ढासाहेबांकडे गेले. चड्ढासाहेब सोसायटीचे अध्यक्ष. एका विमान कंपनीतून निवृत्त झालेले, त्यामुळे नकारसुद्धा ते फ्लाइट लेट झाल्याचं सांगावं तशा गोड आवाजात देतात.

“सॅटरडे को तो वाइन अँड चीज है, उपासनीजी. आपका वो भजन कभी और रख लो.”

“भजन नहीं जी, कीर्तन.”

“फर्क क्या है?”

हा प्रश्न श्रीरंगरावांना विचारण्यात धोका असतो, हे चड्ढासाहेबांना ठाऊक नव्हतं. श्रीरंगरावांनी पूर्वरंगापासून सुरुवात केली. नमन सांगितलं, निरूपण सांगितलं, मधल्या जपाचं प्रयोजन सांगितलं, आख्यान म्हणजे नुसती गोष्ट का नव्हे हे सांगितलं, आणि ‘उदाहरणार्थ’ म्हणून एक पद चालीवर म्हणायला घेतलं तेव्हा चड्ढासाहेबांच्या चहावर साय धरली होती. सुटकेसाठी माणसाची बुद्धी फार वेगाने चालते.

“देखिए,” ते म्हणाले, “हॉल साढ़े सात तक आपका. उसके बाद हमारा. लेकिन एक काम आप करेंगे. वाइन आप लाएँगे.”

“मैं? मैं तो लेता नहीं.”

“इसीलिए तो. पिछले साल जो लेते हैं उनको भेजा था. आधी रास्ते में ही लग गई, और जो बची उसका भाव सुनके मीटिंग में कुर्सियाँ उठीं. आप ऑडिटवाले आदमी हो. गुड़गाँव में वो बड़ा गोदाम है ना, वहाँ से एक पेटी रेड ले आओ. अच्छी भी हो, वाजिब भी हो. बस.”

श्रीरंगराव घरी आले ते मान खाली घालून. प्रमोदिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि देठ मोडत विचारलं, “मिळाला ना हॉल?”

“मिळाला. पण कशाच्या बदल्यात, ते ऐकलंस ना?”

“ऐकलं. एवढं काय त्यात? दूध घेता तसं घ्यायचं. पुढचं उचलायचं नाही, मागे हात घालून ताज्या तारखेचं काढायचं. नाहीतर परवासारखी नासकी पिशवी आणाल.”

दिल्लीत तुम्ही आजारी पडलात तर एखादा शेजारी विचारपूस करील न करील, पण तुम्ही काही विकत घ्यायला निघालात हे कळलं की अख्खा मजला सल्ला द्यायला उतरतो. समोरच्या दारातले गुप्ताजी म्हणाले, “रेड वाइन दारू थोड़ी है जी, फल है. अंगूर. डॉक्टर भी मना नहीं करते.” कोणते डॉक्टर, हे त्यांनी सांगितलं नाही. खालच्या मजल्यावरच्या सेनबाईंनी लिफ्ट अडवून धरली आणि कानात सांगितलं, “बोतल के नीचे गड्ढा देखना. अँगूठा डालना. जितना अंदर जाए, उतनी अच्छी.” वाइनचा दर्जा बुडाला अंगठा लावून ठरतो, हे श्रीरंगरावांना नवीन होतं. पण सरकारी नोकरीत अंगठ्याला असलेलं महत्त्व त्यांना माहीत असल्यामुळे त्यांनी ते मनात नोंदवलं.

खरी पाचर राजाभाऊंनी मारली. राजाभाऊ म्हणजे श्रीरंगरावांच्या भजनी मंडळाचे तबलजी. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहात त्यांची सगळी हयात पाहुण्यांच्या बॅगा आणि पाहुण्यांचे रुसवे उतरवून घेण्यात गेली. राज्यातून राज्यात काय नेता येतं आणि काय नेता येत नाही, हे ते झोपेतही सांगतात.

“श्रीरंगराव, हरियाणातून दिल्लीत येताना माणशी एकच सीलबंद बाटली चालते,” ते तबल्याचे गट्टे ठोकत म्हणाले. “तुम्ही एकटे बाराचा खोका घेऊन नाक्यावर सापडलात तर वाइन जाईल, गाडी जाईल आणि तुम्ही पेपरात याल. फोटोसकट. ‘हिशेबतपासनीस बारा बाटल्यांसह ताब्यात’. तुमच्या कपाळावरचा बुक्काही फोटोत दिसेल.”

श्रीरंगरावांना तो फोटो स्पष्ट दिसला. त्यात ते डोळे मिटून उभे होते. फोटोत त्यांचे डोळे नेहमीच मिटतात.

“मग कसं करायचं?”

राजाभाऊंनी सभोवार पाहिलं. गुरुवारचं भजन नुकतंच आटोपलं होतं आणि मंडळी सुंठवडा खात होती. राजाभाऊंनी बोटाने एकेकाला मोजलं. बरोबर बारा.

पेटी वाजवणारे भालचंद्रपंत ताडकन उठले. “माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे.”

“बाटली गळ्यात घालायची नाहीये, पंत. मांडीवर धरायचीय.”

“आणि उद्या वर विचारलं, मांडीवर काय घेऊन फिरत होतास, तर?”

श्रीरंगरावांनी तेव्हा जे भाषण केलं, ते त्यांच्या आयुष्यातलं पहिलंच प्रवचन म्हणायला हवं. ते म्हणाले, “पोस्टमन लोकांची पत्रं नेतो, वाचत नाही. बँकेचा खजिनदार नोटा मोजतो, खर्च करत नाही. आपण नुसते वाहक. आणि नेतोय कशासाठी? ताईंच्या कीर्तनासाठी. त्या पुन्हा येणार नाहीत, पंत. तुम्हाला त्यांच्या साथीला पेटीवर बसायचंय की नाही?”

भालचंद्रपंत खाली बसले. ताईंच्या साथीला बसायचं म्हटलं असतं तर ते बाटलीच काय, पिंपसुद्धा मांडीवर घेऊन आले असते. फक्त एवढंच म्हणाले, “माझी बाटली पांढऱ्या फडक्यात गुंडाळा.”

ठरलं असं की सोसायटीच्या खर्चाने बारा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर करायची, दुपारी गोदामातून खरेदी आटपायची, येताना भाच्याच्या घरून ताईंना घ्यायचं आणि सरळ हॉलवर उतरायचं. सीट बारा आणि माणसं बारा, मग ताईंना कुठे बसवायचं? राजाभाऊंच्या सौभाग्यवती म्हणाल्या, मी घरी राहून प्रसादाचा शिरा करते. सगळ्यांनी त्यांच्या त्यागाचं कौतुक केलं. कौतुकाच्या भरात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. सीट रिकामी झाली तशी एक बाटलीही पोरकी झाली होती. मंडळात एक हिशेबतपासनीस असूनही.

शनिवारी दुपारी गुरुग्रामच्या त्या गोदामाच्या दारात ट्रॅव्हलर थांबली आणि तीतून अकरा जण उतरले. पुरुष पांढऱ्या सदऱ्यात, टोपीत. बायका काठपदरी नेसलेल्या, केसांत गजरे. सगळ्यांच्या कपाळावर बुक्का. दारावरच्या रखवालदाराने एकदा वर पाहिलं, एकदा खाली.

“शादी का ऑर्डर है जी?”

“नहीं,” श्रीरंगराव म्हणाले, “धार्मिक है.”

आत गेल्यावर मंडळी एकमेकांना चिकटून चालू लागली. छताला टेकलेले लोखंडी फळ्यांचे मजले, त्यांवर खोके, खोक्यांवर खोके, मधल्या वाटेने पिवळी यंत्रगाडी माल उचलत फिरतेय. लोक मोठाल्या ढकलगाड्या घेऊन, महिन्याचं वाणसामान भरावं तसे शांतपणे भरत होते. भालचंद्रपंतांनी माळ सदऱ्याच्या आत सरकवली.

कोट घातलेला एक विक्रेता पुढे आला. “सर, रेड? फुल बॉडी लेंगे या लाइट बॉडी?”

मंडळातल्या बायकांनी छताकडे पाहायला सुरुवात केली.

“पहले हम देखेंगे,” श्रीरंगराव म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. त्यांच्यातला हिशेबतपासनीस जागा झाला होता. पुढचा तास त्यांनी त्या गोदामाची जी तपासणी केली, तशी बांधल्यापासून त्याची झाली नसेल. दर शंभर मिलीला भाव काय पडतो, हे प्रत्येक बाटलीचं काढलं. ज्यांच्या लेबलावर किल्ले आणि हवेल्या छापल्या होत्या त्या “इमारतीचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी” म्हणून बाद केल्या. सोनेरी मेण लावलेल्या बाद केल्या. उरलेल्यांच्या बुडाला सेनबाईंच्या सांगण्याप्रमाणे अंगठा लावला. एका बाटलीत तो जो गेला तो निघेना. विक्रेत्याने ती बाटली आणि श्रीरंगराव यांना हलक्या हाताने वेगळं केलं.

मागच्या लेबलावर चवीचं वर्णन होतं. श्रीरंगराव मोठ्याने वाचू लागले. “चामड्याचा गंध. तंबाखूची छटा. ओली माती.”

“हा आमच्या मामांच्या वहाणांचा वास,” भालचंद्रपंत म्हणाले. “याला लोक पैसे देतात?”

तेवढ्यात श्रीरंगराव एका फळीसमोर थबकले. बाटलीवर बारीक अक्षरांत जिल्हा नाशिक, तालुका दिंडोरी असं छापलं होतं. दिंडोरी तालुका म्हणजे त्यांचं आजोळ. जिथे त्यांनी मळ्यातली द्राक्षं चोरून खाऊन मार खाल्ला, तिथली द्राक्षं दिल्लीच्या सीमेवर कोट घातलेल्या माणसाच्या ताब्यात उभी होती. त्यांना भरून आलं. पण शेजारची चिली देशातली बाटली, अर्धी पृथ्वी ओलांडून येऊन, त्याच भावात बसली होती.

“चिलीचं भाडं लागत नाही का हो?” त्यांनी राजाभाऊंना विचारलं. “यावर कुणीतरी आक्षेप काढायला हवा.”

शेवटी निम्म्या दिंडोरीच्या आणि निम्म्या चिलीच्या असा तोडगा निघाला. आता राहिली तारीख. श्रीरंगरावांनी बायकोचं बोलणं स्मरून पुढच्या बाटल्या बाजूला केल्या आणि फळीत खांद्यापर्यंत हात घातला.

“सर, क्या ढूँढ रहे हैं?”

“ताज़ी. ये तो तीन साल पुरानी है.”

“सर, लोग तो पुरानी माँगते हैं.”

“लोग फँसते हैं,” श्रीरंगराव म्हणाले. “ऊपर से निकालिए. सबसे नया माल.”

मागे रांग लागली होती, आणि गजरे माळलेल्या पाच बायका “वरचं, वरचं” म्हणून बोट दाखवत होत्या. विक्रेत्याने यंत्रगाडी बोलावली. छताजवळचा खोका कुरकुरत खाली आला. श्रीरंगरावांनी तारीख वाचली, मान डोलावली आणि प्रमोदिनीबाईंकडे पाहिलं. त्यांनीही मान डोलावली. विक्रेता बिल करताना एवढंच म्हणाला, “रखना मत सर. साल भर में पी लेना.”

“आम्ही आजच संपवतोय,” राजाभाऊ म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन खोकले.

बाटल्या वाटल्या गेल्या. कुणी शबनम पिशवीत, कुणी पदराखाली, भालचंद्रपंतांनी पांढऱ्या फडक्यात. उरलेली एक खोक्यातच होती. खोका सीटखाली सरकवला आणि गाडी ताईंकडे निघाली.

ताई भाच्याच्या सोसायटीच्या फाटकाशी उभ्याच होत्या. नऊवारी, हातात छोटी पिशवी, पिशवीत झांजा. पुढच्या सीटवर बसल्या आणि मागे न पाहता म्हणाल्या, “काय रे, गाडीत सगळे इतके गप्प? मंडळ आहे की मयत?”

“ताई, आवाज राखतोय. संध्याकाळसाठी,” श्रीरंगराव म्हणाले.

गाडी खड्ड्यातून गेली. किण्ण.

“हा नाद कसला?”

“झांजा असतील, ताई.”

“झांजा माझ्याजवळ आहेत.” पुन्हा खड्डा. किण्ण किण्ण. ताई मान तिरपी करून ऐकत राहिल्या. “काच आहे ही. भरलेली काच. वरच्या षड्जाच्या जरा खाली लागतेय.”

श्रीरंगराव खिडकीबाहेर पाहत होते. टॉवर मागे पडत होते आणि घामाची एक धार कानामागून सदऱ्यात उतरत होती. तेवढ्यात पुढे सीमेवर पोलिसांचे अडथळे दिसले आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. सीटखालचा खोका उपडा झाला. बाटली बाहेर आली, लोळत लोळत मधल्या वाटेने निघाली, पंतांच्या पायाला लागून वळली आणि ताईंच्या पावलांशी येऊन थांबली. दर्शनाला आल्यासारखी.

ताईंनी ती उचलली. हात लांब करून वाचली.

“दिंडोरी. अगोबाई. आपल्याकडचीच की.” मग त्या वळल्या. “श्रीरंग, काय आहे हे?”

श्रीरंगरावांनी एका श्वासात सगळं सांगितलं. हॉल, चड्ढासाहेब, पूर्वरंग समजावून सांगताना थंड झालेला चहा, माणशी एक बाटली, राजाभाऊंच्या सौभाग्यवतींचा शिरा आणि त्यामुळे झालेली चूक. सांगता सांगता त्यांना कळत होतं, हे संपलं की ताई खाली उतरतील. टॅक्सी करून भाच्याकडे जातील. पुन्हा कधी फोन उचलणार नाहीत, आणि नाशिकला कळेल की उपासनींचा श्रीरंग दिल्लीत जाऊन असला निघाला.

गाडी रांगेत एक जागा पुढे सरकली.

“म्हणजे हॉल मिळाला तो हिच्यामुळे?” ताईंनी विचारलं.

“हो ताई.”

“आणि ही कुणाची?”

“हिला माणूस नाही, ताई. ड्रायव्हरला विचारलं असतं, पण...”

“ना जी,” ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला. “स्टीयरिंग पे बैठके बोतल मैं नहीं पकड़ता. चालान मेरा कटेगा.”

“मग मी काय गाडीतलं सामान आहे का?” ताई म्हणाल्या आणि त्यांनी बाटली मांडीवर, झांजांशेजारी, नीट उभी केली.

पोलिसाने दार सरकवलं. “क्या है गाड़ी में?”

“कीर्तन मंडली,” श्रीरंगराव म्हणाले.

“और?”

इथे खोटं बोलायला मोकळीक होती. पण कपाळावर बुक्का लावून खोटं बोलायची श्रीरंगरावांना सवय नव्हती. त्यांनी आपली बाटली वर केली. मग राजाभाऊंनी केली. मग पदराआडून, पिशव्यांतून एकेक बाटली वर आली. पंतांची फडक्यात असल्यामुळे नवजात बाळासारखी दिसत होती. पोलीस मोजत मोजत पुढे आला आणि ताईंपाशी अडकला.

“माताजी, ये... ये आपकी है?”

“मेरी गोद में है तो मेरी ही होगी.”

“आप पीती हैं?”

“बेटा,” ताई म्हणाल्या, “तुम्हारी कमर पे पिस्तौल है. रोज़ चलाते हो क्या?”

पोलीस आधी गोंधळला, मग हसला, मग त्याने टोपी सारखी करून हात जोडले. “जाने दो, जाने दो.” अडथळे बाजूला झाले. दिल्ली सुरू झाल्यावर गाडीत पहिल्यांदा श्वास घेतल्याचा आवाज झाला.

ताईंनी मात्र बाटली खाली ठेवली नाही. “पोलिसासमोर माझी म्हणून सांगितलंय. आता मी देईन तेव्हाच द्यायची. आणि ऐका रे, तुमच्याही तुमच्याजवळच राहू द्या. कायदा आहे.”

तेव्हा त्या काय म्हणतायत हे कुणाला उमगलं नाही.

नाक्यावर उशीर झाला होता, त्यामुळे कीर्तनही उशिरा उभं राहिलं. हॉल मोठा आणि माणसं थोडी. मंडळ, मंडळाचे नातेवाईक, आणि एसी आहे म्हणून आत आलेले दोन आजोबा. पूर्वरंग झाला. ताईंच्या आवाजाला वयाची थोडी खरखर आली होती, पण ती जुन्या पैठणीच्या जरीला असते तशी. श्रीरंगराव खांबापाशी बसले होते. किती वर्षांनी तो आवाज समोर होता.

साडेसात झाले आणि दारात चड्ढासाहेब आले. मागे ग्लासांच्या ट्रॉल्या, चीजच्या थाळ्या आणि अत्तर लावलेली पाऊणशे माणसं. दिल्लीत ठरल्या वेळी इतकी माणसं एकत्र आलेली यापूर्वी कुणी पाहिली नव्हती. चड्ढासाहेबांनी श्रीरंगरावांना मनगटावरचं घड्याळ दाखवलं. श्रीरंगरावांनी ताईंकडे पाहिलं. ताईंचा उत्तररंग आत्ता कुठे सुरू होत होता.

ताईंनी झांजा थांबवल्या.

“आइए, बैठिए,” त्या हिंदीत म्हणाल्या. “आपकी चीज़ सही-सलामत आ गई है. सरहद पे कानून है, एक आदमी, एक बोतल. तो जिसकी बोतल, वो आदमी यहीं बैठा है.” त्यांनी हात केला. तबल्याच्या बाजूला एक, पेटीवर पांढऱ्या फडक्यात एक, टाळकऱ्यांच्या मांडीवर एकेक, आणि ताईंच्या पायाशी दिंडोरीची. “आदमी उठेगा, तब बोतल उठेगी. और हमारे यहाँ आदमी आरती के बाद उठता है.”

मग गुप्ताजी मोठ्याने हसले आणि पहिले खाली बसले. त्यांच्या पाठोपाठ सेनबाई. मग सगळेच, भारी साड्या आणि इस्त्रीच्या पँटी सावरत, सतरंजीवर टेकले. चड्ढासाहेब सगळ्यात शेवटी बसले, आणि तेही दरवाजाजवळ, उड्डाण रद्द झालेल्या प्रवाशासारखे.

ताईंनी आख्यान लावलं ते निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत. एक गाव होतं आणि गावाच्या वेशीवर एक शिपाई. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, मडक्यात काय आहे? कुणी म्हणे ताक, कुणी म्हणे तूप. एक म्हातारी आली, तिच्या मडक्याचं तोंड कापड बांधून लाखेने बंद केलेलं. शिपाई म्हणाला, उघड. ती म्हणाली, माझं मलाच ठाऊक नाही बाबा, जन्मल्यापासून बंद आहे, उघडणाऱ्याच्या शोधात निघालेय. “हम सब वही हैं,” ताई म्हणाल्या, “सीलबंद. लेबल वाचून लोक सांगतात हा मोठा साहेब, ती मोठी बाई. आत काय आहे, ते कुणी चाखलंय का? एक-एक आदमी एक-एक बोतल है. खोलनेवाला चाहिए.” आणि त्या आवाजात वर गेल्या. गजर उचलला. पाऊणशे माणसांनी टाळ्या धरल्या. चड्ढासाहेबांची टाळी मात्र मात्रा सोडून पडत होती, राजाभाऊ तबल्यावरून तिला दर आवर्तनाला परत घरी आणत होते.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं झालं ते श्रीरंगराव? उन्हातला प्रवास, यंत्रगाडी, नाक्यावरची भीती, सगळं अंगातून उतरलं होतं. खांबाला टेकून ते घोरत होते. मांडीवरची चिलीची बाटली श्वासाबरोबर वरखाली होत होती.

ताईंनी झांजा थांबवल्या. चष्म्यातून पाहिलं.

“त्या खांबाच्या बाळाला कुणीतरी उठवा हो,” त्या म्हणाल्या. “बाटली पडेल.”

प्रमोदिनीबाईंनी कोपराने उठवलं. श्रीरंगराव उठले, हसणारा हॉल पाहिला, ताई पाहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी का आलं ते पाऊणशे माणसांतल्या एकालाही कळलं नाही. ताईंना कळलं असावं. त्यांनी उरलेलं पद त्यांच्याकडे बघूनच म्हटलं.

आरती झाली, शिरा वाटला, आणि मग माणूस उठला तशी बाटली उठली. चड्ढासाहेबांनी ग्लासात घोटभर घेतली, फिरवली, हुंगली.

“वाह. एकदम फ्रेश. उपासनीजी, इस भाव की रेड ताज़ी ही अच्छी होती है. लोग पुरानी के चक्कर में सिरका उठा लाते हैं. ये बात यहाँ किसी को नहीं पता. आपको कैसे पता चली?”

श्रीरंगरावांनी दुधाच्या पिशवीचा विचार केला. मग टोपी सरळ केली.

“थोड़ा अनुभव है,” ते म्हणाले.

प्रमोदिनीबाईंना ठसका लागला.

तेव्हापासून त्यांची सोसायटीतली अब्रू कायमची गेली, किंवा कायमची वाढली, कसं धरायचं तसं धरा. लिफ्टमध्ये लोक त्यांना बाटलीचा फोटो दाखवून “सर, ये कैसी रहेगी” विचारतात, आणि ते तारीख बघून सांगतात.

त्या रात्री अकराच बाटल्या उघडल्या. बारावी ताईंनी दिली नाही. गाडीत बसताना त्यांनी ती श्रीरंगरावांच्या हातात ठेवली.

“ही माझी आहे. फोडायची नाही. पुढच्या वर्षी हॉलसाठी त्या साहेबाला हीच द्यायची.”

“ताई, पण तुमचे गुडघे?”

“गुडघ्यांना मी सांगते. नाक्यावर माझं नाव लागलंय आता, माझा माल इथे अडकलाय. यावं तर लागेलच.”

ती बाटली उपासनींच्या घरी देवघराला लागून असलेल्या कपाटात आहे. प्रमोदिनीबाई एकादशीला देव पुसतात तेव्हा तिच्यावरूनही फडकं फिरवतात. श्रीरंगराव पूजा झाली की कपाट उघडून लेबलावरची तारीख पाहतात. विक्रेत्याने सांगितलंय, साल भर में. म्हणजे कीर्तन वर्षाच्या आत व्हायलाच हवं, नाहीतर माल नासेल, आणि घरात माल नासलेला प्रमोदिनीबाईंना चालत नाही. इतकी पक्की हमी ताईंच्या गुडघ्यांनीही दिली नसती. मग ते समाधानाने हात जोडतात. देवघर आणि कपाट एकाच भिंतीला असल्यामुळे हात नेमके कुणाला जोडले, हे बघणाऱ्याला सांगता येत नाही.